वाटीभर पिवळं

आधी मी केळी वाढवायची.
बाटलीत जेली, जेलीत नखाएवढा गाभा,
दोन महिन्यांत हिरव्या बोटांचा झुबका.
सावद्यापासून शिरपूरपर्यंत कितीतरी मळ्यांत
माझ्या हातची झाडं उभी आहेत, मला न ओळखता.

आता बाटली तशीच, झाकण तसंच.
लेबलवर नुसता नंबर,
पण मला माहीत आहे:
कौतिकबाई फिरके, फैजपूर, वय एकोणसाठ.
हर्नियाच्या ऑपरेशनमधून आलेली वाटीभर चरबी,
पिवळी, मऊ, बर्फाच्या डब्यात.

सही करताना म्हणाल्या,
"भरताच्या तेलानं जमलेलं आहे, माय,
कसाले पाहिजे तुले?"
म्हटलं, यातून नस होते का, ते बघायचंय.
हसल्या. सगळं पोट हसलं.
मग हळूच, "यांच्या पायाले लावशील?"
चार वर्षं झाली. घड चढवताना ट्रकवरून पडले,
कंबरेखाली काही कळत नाही.
लावायचं नाही मावशी अजून. नुसतं बघायचंय.
"बघ तर."

सदतीस अंश. बाहेर मे महिना, सत्तेचाळीस.
जळगावातली सर्वांत गार जागा म्हणजे
माझा इनक्युबेटर.
आत पेशी एका दिशेला, माशांच्या पिलांसारख्या.
औषध बदललं.
सहाव्या दिवशी एकीनं हात काढला:
बारीक, लांब, टोकाला दुभंगलेला,
शेजारणीला लागेल न लागेल असा.
मी उभीच राहिले. सरांना लगेच बोलावलं नाही.

सर म्हणाले, जहाल औषधानं पेशी अंग चोरते,
मागे उरतात ते धागे, नसेसारखेच.
दिसणं म्हणजे होणं नाही, भारंबे.
रंग लावा. मोजा. मग दुसऱ्या बाईची चरबी.

मला ते नवीन नाही.
केळीचं खोड म्हणतो ते खोड नसतंच,
पानांच्या गुंडाळ्या नुसत्या.
खरं खोड मातीत, आणि कोंब तिथून.

रंग लावला. शंभरात अकरा हिरव्या.
वीज एकीतूनही गेली नाही.

काल फोन. "झाली का नस?"
म्हटलं, अकरा जणी नसेसारख्या दिसतात.
पलीकडे थोडा वेळ नुसता पंखा.
"यांचे पाय बी पायासारखेच दिसतात.
मी रोज तेल लावते."
मग, "ठेवते, गच्चीवर बिबड्या घातल्यात."