अ‍ॅव्हरेजची वही

बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या गाडीचा सांगाडा,
वरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आतून मरीन प्लाय:
रबाळ्याच्या शेडमध्ये दीड वर्ष ठोकाठोक करून
हिराजीने हा ट्रेलर उभा केला.
दोन माणसं झोपतील, तिसरा डास.
बोलेरोला तो अडकवून घणसोलीत आणला तेव्हा
वॉचमन म्हणाला, काका,
घर पळवून नेताय की काय?

मी वही घातली.
तीस वर्षं वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात
गाळ्यावर हिशेब लिहिले,
कोरा रकाना मला बघवत नाही.
टाकी गळ्यापर्यंत भरायची, फिरून यायचं,
पुन्हा गळ्यापर्यंत, मग भागाकार.
एकटी बोलेरो: चौदा पूर्णांक एक.
ट्रेलर लावून: आठ पूर्णांक सहा.
हिराजी त्या आकड्याकडे बघत बसला,
नापास पोराच्या प्रगतिपुस्तकाकडे बघावं तसा.

मग त्याने वजनावर हत्यार उपसलं.
पाण्याची टाकी रिकामी केली, चाळीस लिटर म्हणजे चाळीस किलो,
पाणी काय पेणलाही मिळतं.
माझा बिडाचा तवा उतरला. जाड सतरंजी उतरली.
सुक्या बोंबलांची पिशवीसुद्धा काट्यावर चढली.
मी म्हटलं, वासाचं वजन धरलंस का?
सगळं मिळून त्रेसष्ट किलो गेले.
आकडा: आठ पूर्णांक नऊ.
तीन दशांशासाठी माझा तवा.

कळंबोलीला चहाच्या टपरीवर
चाळीस फुटी कंटेनरवाला एक ड्रायव्हर
बशीतला चहा संपवून उठला,
आमच्या ट्रेलरच्या सपाट तोंडावर
त्याने थाप मारली. ढब्ब.
"वजन चढावर पैसे मागतं, काका.
वारा सपाटीवरही मागतो.
ही भिंत घेऊन ऐंशीने पळता
आणि डिझेलवाल्याला शिव्या देता?"
हिराजी काही बोलला नाही.
तो पळतच राहिला, ऐंशीने.

काचबिंदू निघाला तो पुढच्या हिवाळ्यात.
डावा आरसा त्याला कधीपासून दिसत नव्हता
हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं,
दुभाजकाने सांगितलं.

मी एकोणसाठाव्या वर्षी शिकले.
ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरवायचं,
म्हणजे तो हव्या त्या बाजूला वळतो.
सदतीस वर्षांच्या संसारात हेच केलं होतं,
पटकन जमलं.

मी पंचावन्नच्या वर जात नाही.
टेम्पो हॉर्न मारतात, दुधाची गाडी मारते,
कर्नाळ्याला तर एक ट्रॅक्टर
आम्हाला ओलांडून गेला, पेंढ्यासकट.
शेजारी हिराजी, हात डॅशबोर्डवर,
पायाखाली नसलेला ब्रेक दाबत:
"जरा पाय दे की. बैलगाडी आहे का?"
मी तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढत होते
आणि मागे आमची बारकी खोली
मान खाली घालून येत होती.

तुर्भ्याच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली.
बॉनेटवर वही ठेवून भागाकार केला, पुन्हा केला.
अकरा पूर्णांक दोन.
हिराजीने कॅल्क्युलेटर मागितला.
तीनदा बटणं दाबली, कॅल्क्युलेटर परत दिला,
मग पेन मागितलं.
आजवर या वहीला त्याने कधी हात लावला नव्हता.
नाक कागदाला टेकवून
त्याने शेवटचा रकाना शोधला, शेऱ्याचा,
आणि दोन ओळींवर घसरत जाणाऱ्या
मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं:
"वारा मागून होता."

पेणपासून उरण फाट्यापर्यंत
रस्त्याकडेचं प्रत्येक झाड
आमच्या अंगावर वाकलेलं मी बघितलं होतं.
तरी खोडलं नाही.
हिशेबाच्या वहीत खोडाखोड करत नाहीत.