दोन सिलिंडर कमी

व्ही-सिक्सचं डोकं तडकलं तेव्हा ऑक्टोबर सरत होता.
काडीवर तेल आलं ते दुधाळ कॉफीसारखं.
ओनेसिमोनं बोटावर घेऊन हुंगलं,
टोपी मागं सरकवली,
म्हणाला, "डेल्फिना, याला आता मातीच द्यायची."

सत्याऐंशी सालची ब्रॉन्को टू.
आखूड, उंच, वळणावर कुशीवर कलणारी,
मोरा खोऱ्यातल्या प्रत्येकानं
एकदा तरी ढकललेली.

गोठ्यामागं एलिसेओचा रेंजर उभा होता,
तीन हिवाळे, जागचा न हललेला.
भाऊ ओडेसाला गेला, तेलविहिरींवर.
जाताना किल्ली खिळ्याला अडकवली:
"हात लावू नकोस. मी येतोच आहे."

मी हात लावला.

"चारच सिलिंडर," मी म्हटलं, "चाळीस घोडे कमी."
ओनेसिमो हसला. "तू कुठं शर्यतीला निघालीस?
पिठाची पोती, दोन मेंढ्या, रविवारी आई.
एवढ्याला किती घोडे लागतात?"
मी मोजले.
आईला जरा जास्त लागतात.

साखळी, कप्पी, कॉटनवुडची जाड फांदी.
इंजिनाचे पाय जुन्या बैठकीवर बसेनात,
रेंजरच्याच बैठकी कापून आणल्या.
गिअरबॉक्सचं तोंड जुळेना,
तोही तिकडूनच आणला.
एक वस्तू घ्यायला गेले
आणि अर्धं घर उचलून आणलं.

तीस वर्षं शाळेच्या बस दुरुस्त केलेला माणूस,
पण तारांचा गुंता दिसला की
ओनेसिमो क्रूसाची खूण करून सिगारेट ओढायला जातो.
तारा माझ्याकडं आल्या.
चिकटपट्टीवर नावं लिहीत गेले:
पंखा. पंप. दिवे.
हा कशाचा?
हाही कशाचा?
तीन रविवारचा मिस्सा बुडला.
चौथ्या रविवारी पाद्रीच आले,
पाच मिनिटं टॉर्च धरून उभे राहिले,
भलतीकडेच उजेड पाडत.

इंजिन आत उतरलं
आणि दोन्ही बाजूंना इतकी जागा उरली
की माझा हात खांद्यापर्यंत आत जातो.
पूर्वी एक प्लग बदलायचा तर
मनगटाची सालटी निघायची.
एलिसेओ गेल्यावर घरातही असंच झालं होतं,
जेवणाच्या टेबलाशी
कोपरं पसरायला जागा झाली
आणि कुणीच पसरली नाहीत.

पहिल्या वेळी खोकलं.
दुसऱ्या वेळी नुसता धूर.
तिसऱ्या वेळी लागलं, थरथरत,
दुसऱ्या सिलिंडरपाशी टिकटिक करत,
शिलाई मशीनची सुई जाड कापडावर अडावी तशी.
नेमकी तेव्हाच आई अंगणात आली,
फोन कानाशी, रविवारचा.
तो तिच्याशी बोलता बोलता थांबला.
मला दे म्हणाला.

"ही टिकटिक माझी आहे ना?"

पाना हातात, ग्रीस कोपरापर्यंत.
त्याच्या मागं कुठलातरी पंप
जमिनीतून काहीतरी ओढत होता, सोडत होता.
मी "हो" म्हणाले की नुसता श्वास घेतला
ते आठवत नाही.

"गरम झाली की थांबेल," तो म्हणाला.
"नाही थांबली तर जरा जाड तेल घाल."
मग आईला विचारलं, पाटाला पाणी आहे का.
नोव्हेंबरात. पाट तर गोठलेला.

आता चढावर दुसरा गिअर.
मागं पिकअपांची रांग, पुढं आईची जपमाळ.
एक म्हातारा बैल कुंपणाआतून
बराच वेळ आमच्या बरोबरीनं चालतो.
वरच्या वळणाशी मी रेडिओ बंद करते.
"काय ऐकतेस?" आई विचारते.
काही नाही.
खरंच, काही नाही. थांबली.

मार्चमध्ये रेंजरच्या रिकाम्या पोटात
एक कोंबडी जाऊन बसली,
बॅटरीच्या जागी, अकरा अंड्यांवर.
बॉनेट लावायचं नाही,
आईनं सगळ्यांना बजावलंय.
फोनवर त्यालाही.