दाखल्याचं पुस्तक

पन्नास दाखल्यांचं पुस्तक, मध्ये निळा कार्बन.
वरची प्रत त्यांची, खालची माझी.
मार्चअखेरीला खालच्या प्रती चाळतो
तेव्हा अख्खं वेंगुर्लं निळसर तापात पडलेलं दिसतं.

छापलेलं आहे: माझ्या उपचाराखाली असून
यांना अमुक दिवस विश्रांतीची गरज आहे.
आजाराच्या नावाला छापणाऱ्यानं दिली आख्खी ओळ,
दिवसांना बोटभर जागा.
सगळी घासाघीस त्या बोटभर जागेची.

डोळे आले तर पाच. तिथे वाद नाही,
हेडमास्तर स्वतःच दारातून परत पाठवतात.
साध्या तापाला तीन,
कारण तो साधा होता की नाही
हे ताप चौथ्या दिवशी सांगतो.
जुलाबाला दोन; पण बंदरावरच्या खानावळीत
जो मासे तळतो, त्याला जुलाब थांबल्यावर आणखी दोन.
तो म्हणतो, थांबले ना? मग?
मी म्हणतो, तुझे थांबले, गिऱ्हाइकांचे सुरू व्हायचेत.

कंबरेला मात्र थर्मामीटर लागत नाही.
आरोलकर कंडक्टर, बेळगावच्या गाडीवर,
आंबोलीचा घाट उभ्यानं चढतात उतरतात.
पाय सरळ ठेवून उचला, मी सांगतो.
कुठवर उचलला की कळ येते ते त्यांनी सांगायचं,
मी मानायचं. दुसरं यंत्र नाही.
चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात
पाय दरवर्षी जरा कमीच उचलला जातो.
घरी माटवी बांधायला दुसरं कोणी नाही
हे त्यांनी सांगितलेलं नाही, मी विचारलेलं नाही.
आणि डेपोतले साहेब हसत असतील तर हसोत,
गेल्या शिमग्याला त्यांची मान
माझ्याच दाखल्यावर आखडली होती.

सुरुवातीला मी कडक होतो.
दिसलं तेवढंच लिहायचं, असं शिकून आलो होतो.
बँकेतला एक मुलगा आला, ताप आहे म्हणाला.
नाडी नीट, छाती स्वच्छ, जीभ गुलाबी.
नाही म्हटलं, वर दोन शब्द ऐकवले.
दिवाळीनंतर कळलं,
पावसाळाभर त्याला झोप नव्हती,
आणि दवाखान्यात सांगण्याजोगा
ताप हा एकच शब्द त्याच्यापाशी होता.
त्याची खालची प्रत माझ्याकडे नाही.

दाखल्याचे पैसे घेत नाही, तपासायचे घेतो.
तेवढा एक नियम अजून मोडलेला नाही.

काल शेवंती वराडकर आली, काजूच्या कारखान्यातली.
चिकानं बोटांची सालं गेलेली,
पण ते नेहमीचंच, त्यासाठी ती कधी येत नाही.
न्यूमोनिया, नववा दिवस.
उजवीकडे खाली अजून करकर,
तापल्या तव्यावर मीठ पडावं तशी.
मी बोटभर जागेत आणखी दहा लिहायला घेतले
आणि तिनं कागदावर हात ठेवला.
"डाक्टरांनू, माका बरी आसा म्हणान लिवन देवा.
सोमवारी नाय गेलंय तर माझी जागा जातली."

रोजावर आहे. तिच्या आजाराला रजा नसते,
नुसता खाडा असतो.

बरेपणाच्या दाखल्यांचं पुस्तक वेगळं,
कपाटात खाली, वरच्या पानाला वाळवी लागलेली.
आजारी असल्याचं खोटं मला ओळखता येतं,
तीस वर्षं तेच ऐकतोय.
बरं असल्याच्या खोट्यापुढे
कान नवखा होता.

पूर्ण बरी लिहिणं हातून होईना.
दहा दिवस लिहिले असते तर ती तो कागद
पायऱ्या उतरतानाच फाडणार होती.
लिहिलं: सोमवारपासून, बसून, अर्धा दिवस.
अर्धा दिवस म्हणजे अर्धी मजुरी,
हे सही केल्यावर सुचलं.

तिनं घडी घातली, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली,
जिन्यात दोनदा थांबून खोकली.

खालची प्रत आहे.
कार्बन जुना झालाय,
सोमवार उमटलाय, सही उमटलीये.
अर्धा नीट वाचता येत नाही.