त्रेचाळीस

माझ्या तिकिटांच्या पिशवीत एक वही असते,
दोनशे पानी, कडेला डिझेलचा डाग.
सकाळी गोकाकहून निघते, निपाणीला पोचते,
दुपारच्या फेरीनं माघारी येते.
हिचा हिशेब डेपोला द्यावा लागत नाही.

हुक्केरी स्टँडवर अण्णय्या कम्मार चढतात,
ड्रायव्हर चहा संपवेपर्यंत लिहितात आणि उतरतात.
कन्नडमध्ये. गुरांच्या दवाखान्यात कंपौंडर होते,
अक्षर अजून औषधाच्या चिठ्ठीचं :
‘सिपिले नऊ. कालव्यावर.
डोकी पिवळीजर्द झालीत. म्हणजे निघायची वेळ.’
आम्ही त्याला धोबी म्हणतो, पिवळा धोबी.
शेपटी दोन्ही भाषांत तशीच हलते.

संकेश्वरला मिरचीच्या वखारीतला पोरगा, भैरू,
खिडकीतूनच ओरडतो :
‘भोरड्या आल्यात पिंपळावर! हजार लिहू काय दोन हजार?’
एक ढग लिही, म्हटलं.
त्यानं खरंच लिहिलं. एक ढग.

हिडकलचे मकतुमसाब लिहीत नाहीत.
जाळं वाळत घालून झालं की फाट्यावर येतात,
बस हळू झाली की मी दारातून वही खाली देतो,
ते रेघा मारतात. चार उभ्या, पाचवी आडवी.

आणि निपाणीच्या शिंत्रे बाई, लाल शाईवाल्या.
बत्तीस वर्षं पट मोजला,
आता गच्चीवर उभ्या राहून आभाळाचा मोजतात.

मार्चच्या बावीसला, फटफटायच्या आत,
पट्टकादंब उठले.
सगळा हिवाळा धरणाच्या पाण्यावर होते,
कम्मारांचे हेब्बातु,
मकतुमसाबांचं ‘कपाळावर दोन पट्ट्यांचं मोठं बदक’.
मकतुमसाबांनी बाईंना फोन केला : उठली बघा, तुमच्याकडंच यायलीत.
पाऊण तासानं बाईंच्या डोक्यावरून गेले.

त्या दिवशी वहीत आठ जुड्या आणि तीन रेघा.
खाली लाल शाईत : बेचाळीस.

आठवडाभर समासात भांडण चाललं.
कम्मार : उजेड कमी असेल.
बाई : उजेड पुरेसा होता.
कम्मार : म्हाताऱ्या माणसाच्या रेघेवर शंका नको.
बाई : शंका नाही. बेरीज आहे.
भैरूनं मध्येच एक बदक काढलं, कोंबडीसारखं दिसणारं.
मी दोन्ही लिप्या वाचतो, मी गप्प बसलो.
कंडक्टरनं सुट्ट्या पैशांच्या वादात तेवढं पडावं.

मग एका गुरुवारी मकतुमसाब बसमध्ये चढले,
पहिल्यांदाच. निपाणीचं पूर्ण तिकीट घेतलं,
मागच्या सीटवर बसले, गुडघ्यावर टोपी.
बाईंच्या दारात उभे राहून म्हणाले,
‘रेघा रात्रीच्या हाईत, पाण्यावर बसलेल्यांच्या.
उठताना म्या मोजली न्हाईत.
उठताना कोण मोजतंय?
म्या हात जोडून हुबा होतो.’

बाईंनी त्यांना पाणी दिलं. मग चहा.
बराच वेळ कुणी काही बोललं नाही,
आणि माझी परतीची फेरी सात मिनिटं उशिरा सुटली,
तेवढं मात्र डेपोत सांगावं लागलं.

तो एक, दोन दिवसांनी सापडला.
पाणी उतरल्यावर जुन्या देवळाचं शिखर जिथं वर येतं
त्याच्या पलीकडं, चिखलात.
डावा पंख जरा लोंबता.
कम्मारांनी दुर्बिणीतून पाहिलं,
हात लावण्याजोगं काही नाही म्हणाले,
आणि खात होता, हे दोनदा सांगितलं.

एप्रिलभर वहीत एवढंच.
एक. ಒಂದು. एक रेघ.
भोरड्यांचा ढग गेला, धोबी गेले,
उसाच्या पाटावरची तुतारी गेली.
मिरच्यांची पोती संपली, भैरूचं वखारीतलं काम संपलं,
तो आता विनाकारण स्टँडवर येतो, विचारतो,
‘हाय न्हवं?’
हाय.

मेच्या पहिल्या सोमवारी बाईंनी पट्टीनं रकाने आखले,
तारीख टाकली, लाल शाईत भरलं :
हजर १. गैरहजर ४२.
कारणाचा रकाना मोकळा ठेवला.

मी पिशवीची चेन लावली.
कुणीतरी घंटी मारली,
पुढच्या फाट्यावर उतरायचं होतं त्यांना.