दोनशे चौसष्ट पायऱ्या

लिफ्ट बंद झाली त्या मंगळवारी
शेवटचा ब्रेक मीच ओढला.
दारावर नगरपालिकेचा कागद:
‘दुरुस्तीसाठी पंधरा दिवस.’
सहा वर्षं झाली.
कागद उडून गेला, चिकटपट्टी तेवढी राहिली.

खाली वाल्पराइसोचं बंदर,
वर आम्ही,
मधे दोनशे चौसष्ट पायऱ्या.
मोजू नका, मोजल्यात.
आमच्या पोरांना आकडे शाळेआधी पायऱ्यांवर येतात
आणि दोनशे चौसष्टच्या पुढे
काही असेल असं त्यांना वाटत नाही.

‘ला बोया’त दर रविवारी फेर्मीन उर्सुआ लिहितात.
लिहितात, महापौरांना झोप नाही.
लिहितात, चढण हृदयाला चांगली,
आपले आजे-पणजे कुठे लिफ्टने जात होते?
(माझा आजा जात होता, फेर्मीनसाहेब.
तिकीट माझा बाप फाडायचा.)

‘एल सेरेनो’त बुधवारी कासिमिरा ओयार्सून.
बाई महापौराची सालटी काढते.
वाचून बरं वाटतं,
दातात अडकलेलं निघाल्यासारखं.
पण दोर झिजला कुणाच्या काळात,
नव्या दोराचे पैसे कुणाच्या जावयाकडे मुरले,
तिथवर आली की तिची शाई वाळते.
ते तिचे.

दोघंही टेकडीवर कधी आली नव्हती.
उंटावरून शेळ्या हाका, हरकत नाही,
पण उंट तरी आमच्या बाजूला उभा करा.

जुलैत रेहिनाल्दो वारला.
बर्फाच्या गोदामात हमाल, अंगानं दांडगा.
पेटी उतरवायला सहा जण, वळणावर आठ.
नव्वदाव्या पायरीवर टेकवली,
तेव्हा त्याचा धाकटा भाऊ सिगारेट पेटवत म्हणाला,
जिवंतपणीही हा इथंच थांबायचा.
आम्ही हसलो.
मग हसणं आवरेना,
पेटीला धरून हसलो.
बुधवारी कासिमिरानं त्यावर लिहिलं,
नाव चुकवलं.
रविवारी फेर्मीन: मरणाचं राजकारण नको.
माझा खांदा अजून दुखतो. तो कुठल्याच पानावर नाही.

मतदानाच्या आधी फेर्मीन उर्सुआ आले.
खरंच आले, छायाचित्रकारासकट.
एकशे चाळिसाव्या पायरीवर बसले,
कॉलर सैल केली, चेहरा बिटासारखा.
एदुविखिसबाईंनी पाणी दिलं.
कुणी काही बोललं नाही.
बोलायचं सहा वर्षं साठवलेलं,
पण माणूस इतका धापा टाकत असताना
सुरुवात कुठून करणार?
रविवारी छापून आलं:
‘टेकडीवरची माणसं समाधानी आहेत.
त्यांच्याकडचं पाणीसुद्धा गोड.’
ते पाणी बाईंनी सकाळी खालून वाहून आणलं होतं,
वरच्या नळाला जोर नाही म्हणून.

आता बाईंच्या दारात खुर्ची आहे
आणि खडूनं लिहिलेली पाटी:
पाणी फुकट.
स्तंभलेखकांना दोनशे पेसो.

मी अजून महिन्याला एकदा कुलूप उघडतो,
मोठ्या चाकाला वंगण देतो.
पगार नाही.
का देतोस, हे बायकोनंही विचारणं सोडलंय.

मतदान आमच्याच शाळेत झालं.
सकाळी पेट्या वर आल्या, रिकाम्या,
रात्री भरून खाली निघाल्या.
दोन सैनिक, दक्षिणेकडची कोवळी पोरं,
बूट नवे, पायऱ्या ओल्या.
लोखंडी दरवाज्यापाशी थांबून एकानं मला विचारलं,
आजोबा, ही चालत नाही का?

काय सांगू?
कंदील वर धरला,
म्हटलं, सांभाळून,
वळणावरची तिसरी पायरी फुटकी आहे.