कडुनिंबाची हजेरी

फेब्रुवारी सरता सरता आमच्या वाठोड्याच्या शाळेत
केर दुप्पट होतो.
कडुनिंब एकच, पण पानं गाळतो
चार वर्गांना पुरतील एवढी.
परिपाठाआधी झाडलेलं मैदान
प्रतिज्ञा संपेस्तोवर पुन्हा पिवळं.

पुस्तकातला वसंत मात्र हिरवागार.
तिसरीतल्या अन्वेशनं पुस्तकात पाहिलं,
खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्याकडे.
"मॅडम, आपल्या झाडाले हे माहीत नाही काय जी?"

मला उत्तर सुचेना.
कपाटातून एक कोरं हजेरीपत्रक काढलं,
म्हटलं, त्यालाच विचारू. रोज.

अनुक्रमांक एक, जुनं पान: हजर, हजर, हजर,
आणि एका सोमवारी शेंड्याकडची फांदी अख्खी मोकळी.
दोन, नवं पान: गैरहजर.
तीन, तांबट: दिसत नाही, टुकटुक मात्र चालू.
त्याला काय लावायचं?
यावर वर्गात भांडण झालं.
सानिया म्हणाली, आवाज दिला म्हणजे हजर,
आपण तरी दुसरं काय करतो?
चार, सावली. ती पावलांनी मोजायची, दहाच्या ठोक्याला,
आणि पावलं कायम भाविकचीच,
कारण त्याच्या चपला कधी बदलत नाहीत.
हे त्यानंच सांगितलं, छाती काढून.

होळीआधी मोनाली उईकेनं पळसाची फुलं आणली
हिंगण्याच्या पलीकडून, बापाच्या डब्याच्या पिशवीत.
खिचडी उरकल्यावर कमलताईंनी मोठा गंज दिला,
घासायचा तुम्हीच, या अटीवर.
वीस डोकी वाकली.
रंग आला फिका, दुसऱ्यांदा उकळलेल्या चहासारखा.
मग शिपाईमामांनी खिशातल्या डबीतला चिमूटभर चुना टाकला
("मोठ्या सरांले सांगू नका")
आणि पाणी पेटलं.

मोनालीच्या बोलीत पळसाला वेगळं नाव आहे.
मी ऐकून फळ्यावर लिहिलं.
तिनं खडू मागितला, माझं एक अक्षर पुसलं,
नीट करून दिलं,
आणि जागेवर जाताना फ्रॉकला हात पुसले.

पारा अडतीसवर गेला, शाळा सकाळची झाली.
मोनाली यायची थांबली.
"गावाले मोह पडला असंल जी," अन्वेश म्हणाला,
"वेचाले गेली."
शासनाच्या पत्रकात वेचायला गेलेल्यांचा रकाना नसतो.
मी तिच्यापुढे रोज गैरहजर लिहीत गेले,
पेन्सिलनं.

त्याच आठवड्यात नवं पान आलं होतं.
कुणी ओळखलंच नाही.
हिरवं नव्हतं ना, तांब्याचं होतं,
चिमणीच्या जिभेएवढं.
वाळकं समजून तीन दिवस आम्ही त्याला गैरहजर लावलं.
सानियाच्या लक्षात आलं तेव्हा
सगळ्यांनी मिळून खाडाखोड केली,
चुकीशेजारी मी सही केली.
सावली आता सात पावलं, आणि तिला भोकं.

पाडव्यानंतर मोनाली आली, आणखी काळी, आणखी उंच.
दप्तरातून घडी घातलेला कागद काढला,
जुन्या कॅलेंडरचं पान,
पाठीमागे कोळशाच्या रेघा.
मोहाचं झाड. पहाटे.
फुलं: टोपलीला एक रेघ.
पानं: गैरहजर.
मुंग्या: मोजता आल्या नाही.
अस्वल: हजर (आवाज दिला).

तो कागद आम्ही खळीनं चिकटवला.
गोड वास येत होता, दोन दिवस माश्या बसल्या.

एप्रिलमध्ये केंद्रप्रमुख तपासणीला आले.
पानं उलटत गेले, झरझर, सवयीनं,
आणि अस्वलापाशी थांबले.
चष्मा पुसला.
"हे कोणत्या वर्गातलं?"
"तिसरीतलं," मी म्हटलं.
त्यांनी सही केली. तारीख घातली.

दुसऱ्या पत्रकातले मोनालीचे सोळा दिवस
अजून तसेच आहेत.
खोडरबर टेबलावर आहे.