पाच तिकिटं

विजीनं आयर्लंडहून फोटो पाठवला.
ड्यूटी संपवून मैत्रिणींबरोबर गेलेली
कुठल्याशा सरदाराच्या किल्ल्यात.
मागं हिरवळ, इतकी सपाट
की अम्मा म्हणाली, इस्त्री करतात वाटतं.
गुलाबाच्या कमानी, दगडी जिना,
रेनकोटात विजी, नाक लाल.

अम्मानं फोन लांब धरला, जवळ आणला,
म्हणाली, आपल्यातबी हाय की एक.
तेव्हा लक्षात आलं,
साखर पेठेत चाळीस वर्षं काढून
तिनं किल्ला पाह्यलेला फक्त रिक्षातून,
दवाखान्यात जाताना,
नाहीतर गड्ड्याच्या जत्रेत, पाळण्याच्या टोकावरून,
तेही डोळे घट्ट मिटलेले असताना.

शुक्रवारी लाईट नव्हती, माग बंद.
पदा, पोदाम, म्हणाली. चला, निघू.
डब्यात कडक भाकरी, दह्यात कालवलेली शेंगाचटणी,
वेगळ्या पिशवीत नान्नांच्या गोळ्या.
खिडकीवर मी म्हणालो, पाच.
आतल्या माणसानं विचारलं, बाहेरगावचे का?
पुष्पलता हसली.
मी नाही हसलो.

भार्गवीला भुयार पाहिजे होतं, राणी पाहिजे होती,
निदान एखादं भूत.
मी पाटी वाचून दाखवली.
हे गेले, ते आले, मग तेही गेले.
ती म्हणाली, पण घरी कोण राहायचं?

बागेत एका ओढणीखाली दोघं दोघं.
शिट्टी फुंकून दमलेला रखवालदार.
आणि हिरवळ? आपली हिरवळ म्हणजे
मधोमध पायवाट, कडेला टक्कल,
तरी अम्मा तिच्यावर चप्पल काढूनच चालली,
चप्पल हातात, पदर खोचून,
कुणाच्या तरी घरात आल्यासारखी.

नान्ना तटाशी थांबले.
अडतीस वर्षं मागावर, कान तिथंच ठेवून आलेले.
भिंतीवरून हात फिरवत गेले
चादरीवरून फिरवायचे तसा, दोष शोधत.
एका जागी बोट अडलं.
इथनं दुसरा हात लागलाय, म्हणाले,
ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात.
एक ओढणी दचकून उठली.
खरंच वरचे दगड वेगळे होते,
कुठल्या तरी जुन्या देवळाचे.
एकावर अर्धा हत्ती, आडवा बसवलेला,
सोंड चुन्यात बुडालेली.
नान्ना म्हणाले, पाळी बदलली असणार.

तोफेच्या तोंडात भार्गवी ओरडली.
मागच्या टोकाला नान्नांनी गाल टेकवला.
आलं का ऐकू? मी खुणेनं विचारलं.
गार हाय, म्हणाले.
बराच वेळ तसेच बसले.

तीनच्या सुमाराला विजीचा फोन,
रात्रपाळीहून परतलेली, केस ओले.
पुष्पलतानं फोन गोल फिरवला :
हा बुरूज, हे तळं, हे सिद्धेश्वराचं शिखर, हा तुझा भाऊ.
विजी काही म्हणणार तेवढ्यात नेटवर्क गेलं.
तोंड उघडं ठेवून ती बराच वेळ
चटणीच्या डब्याला टेकून राहिली.
अम्मानं तिच्यासमोर भाकरीचा तुकडा ठेवला
आणि मग आमच्याकडं बघून उचलून खाल्ला.

शिट्ट्या वाढल्या. निघायची वेळ.
फाटकापाशी गुलबक्षी नुकती उमलायला लागलेली.
पाटी : फुले तोडू नयेत.
अम्मानं फुलं तोडली नाहीत.
खाली वाकून बिया वेचल्या, मिऱ्यासारख्या काळ्या,
रुमालाला गाठ मारली.
नियम पाळलाय, असं तोंड करून
रखवालदाराच्या समोरून निघाली.

दिवाळीच्या पार्सलात त्या गेल्या,
शेंगाचटणीच्या तळाशी, कागदात.
विजीनं आधी खडे समजून टाकायलाच काढलेल्या.
मग कुंडीत लावल्या.
दोन उगवल्या म्हणे.
एक पाल्यातच गेली, दुसरीला कळी आली
त्या आठवड्यात विजीला सलग रात्रपाळी.
रंग कोणता होता? अम्मानं विचारलं.
विजी म्हणाली, मी उठेपर्यंत मिटलेलं असायचं.

अम्मा अजून विचारते.